काळा राजा एच६ वर : आनंद–क्रामनिकचा तिसरा डाव, चार रविवार आणि एक पोरगा

आमच्या रविवारच्या ग्रुपमधला नववीतला पोरगा मार्चमध्ये एका स्पर्धेत हरून आला आणि स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहिलेला कागद) पुढं टाकून गप बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "दोन प्यादी वर होतो काका, तरी हरलो. कुठं चुकलो तेच कळंना." त्याचा डाव आम्ही पटावर लावला तर खरंच दोन प्यादी जास्त होती, फक्त त्याच्या राजासमोरची जी-फाइल, म्हणजे पटावरची जी नावाची उभी रांग, सताड उघडी होती आणि त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला पण स्वतःच्या हरलेल्या डावावर कुणी बोलायला लागलं की माणूस ऐकत नाही, आतून बचाव करत बसतो. म्हणून मी म्हटलं, तुझा डाव ठेव बाजूला, असाच एक डाव वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये झालाय, तो करू.

तो डाव म्हणजे व्लादिमीर क्रामनिक विरुद्ध विश्वनाथन आनंद, बॉन, जर्मनी, १७ ऑक्टोबर २००८, सामन्यातला तिसरा डाव. आम्ही यावर चार रविवार घालवले. जुळे सोलापुरात आमच्यातल्याच एकाच्या माडीवर बसतो, खाली चादर, तिच्यावर गुंडाळीचा पट, एप्रिलचं ऊन असं की पंखा गरम हवाच फेकतो, आणि मध्ये शेंगाचटणी-कडक भाकरी येते तेव्हा मोहरी तेलकट होऊ नयेत म्हणून पट अर्धा तास झाकून ठेवावा लागतो. जे सापडलं ते इथं सविस्तर लिहितोय, कारण या डावाबद्दल जिथं बघावं तिथं आनंदच्या १४व्या चालीचंच कौतुक असतं आणि मला मनापासून वाटतं की डाव तिथं जिंकला गेलेला नाही.

आधी थोडं मागचं. क्रामनिकनं २००० साली लंडनमध्ये कास्पारोवला हरवून विजेतेपद घेतलं होतं आणि त्या अख्ख्या सामन्यात कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नव्हता, म्हणजे हा माणूस किती घट्ट खेळतो ते बघा. आनंद २००७ ला मेक्सिको सिटीत आठ जणांची स्पर्धा जिंकून जगज्जेता झाला होता. बॉनला बारा डावांचा सामना, पहिले दोन बरोबरीत सुटलेले. तिसऱ्यात पांढरी मोहरी क्रामनिककडं.

ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत, सेमी-स्लाव, त्यातली मेरान. १९२४ साली मेरान गावच्या स्पर्धेत रुबिनस्टाइननं ग्रुनफेल्डविरुद्ध हे खेळलं तिथून ते नाव. पहिल्या तेरा चाली पुस्तकातल्याच, त्या भराभर लावल्या (ए ते एच या उभ्या रांगा, १ ते ८ आडव्या, आणि नुसतं घर लिहिलंय तिथं प्याद्याची चाल) : डी४ डी५, सी४ सी६, दोन्हीकडचे घोडे एफ३-एफ६, घोडा सी३ ई६, ई३, बी८ चा घोडा डी७, उंट डी३, मग काळ्यानं सी४ वर मारलं, उंटानं परत घेतलं, बी५, उंट परत डी३, ए६, ई४ सी५, ई५ आणि काळ्यानं डी४ वर मारलं, घोड्यानं बी५ मारलं, ए-प्याद्यानं घोडा घेतला, ई-प्याद्यानं एफ६ चा घोडा घेतला, जी-प्याद्यानं ते परत घेतलं, पांढऱ्याचं कॅसलिंग (राजा कोपऱ्याकडं आणि हत्ती त्याच्या शेजारी), काळा वजीर बी६ वर. इथं क्रामनिकनं १४वी चाल वजीर ई२ केली आणि आनंदनं उंट बी७ वर ठेवला.

लोक ज्याचं कौतुक करतात ती ही चाल. बी५ चं प्यादं आनंद सरळ सोडून देतो, पांढऱ्यानं ते उंटानं मारलं की डी७ चा घोडाही पिन होतो, म्हणजे मागं राजा असल्यानं हलूच शकत नाही, आणि बदल्यात काय तर बी७ पासून एच१ पर्यंतची अख्खी तिरकी रेषा आणि हत्तीसाठी जी-फाइल. घरून तयारी करून आणलेली चाल आहे हे दिसतंच आणि तिच्यात धाडस आहे यात वादच नाही. काळ्याचा राजा मात्र अजून ई८ वरच उभा, कॅसलिंग नाही, पुढं होण्याची शक्यताही नाही.

पुढं पांढऱ्या उंटानं बी५ मारलं, काळा उंट डी६, हत्ती डी१, हत्ती जी८, जी३, हत्ती जी४. १८व्या चालीला क्रामनिकनं उंट एफ४ वर नेऊन ठेवला. काळ्यानं तो घेतला आणि पांढऱ्यानं तो परत न घेता घोड्यानं डी४ मारलं. आमच्या पोराचा पहिला प्रश्न इथंच आला, "जी३ च्या प्याद्यानं उंट का नाही घेतला?" त्याला उत्तर सांगितलं नाही, बघत राहा म्हटलं. मिनिटभरात त्यालाच दिसलं की जी४ च्या हत्तीमुळं ते प्यादं राजाला बांधलं गेलंय, हलूच शकत नाही. घोडा डी४ वर आल्यानं ई२ चा वजीर जी४ च्या हत्तीवर नेम धरतो म्हणून काळा एच५ खेळून हत्ती सांभाळतो. मग घोड्यानं ई६ मारलं, एफ-प्याद्यानं घोडा घेतला, हत्तीनं डी७ चा घोडा घेतला. इथं काळा राजा पहिलं पाऊल टाकतो, एफ८. वजीर डी३, हत्ती जी७, हत्तीनं हत्ती घेतला, राजानं परत घेतला, हे दुसरं पाऊल. आता जी-फाइलवरचा हत्ती गेला, पिन सुटली, आणि पांढऱ्यानं २४व्या चालीला जी-प्याद्यानं शेवटी तो एफ४ चा उंट घेतला.

इथं आम्ही थांबलो आणि पहिला रविवार इथंच संपवला. ज्यांना पट लावून बघायचंय त्यांच्यासाठी स्थिती अशी. पांढरा : राजा जी१, वजीर डी३, हत्ती ए१, उंट बी५, प्यादी ए२, बी२, एफ२, एफ४, एच२. काळा : राजा जी७, वजीर बी६, हत्ती ए८, उंट बी७, प्यादी ई६, एफ६, एच५. चाल काळ्याची.

आमच्यात एक काका आहेत, पस्तीसेक वर्षं यंत्रमागावर काढली, घरात तेलुगू बोलतात आणि आमच्याशी मराठी. मोजणं हा त्यांचा धर्म आहे, कुठलीही स्थिती दिली की आधी बोटं मोजायला लागतात. त्यांनी मोजलं, "वजीर-वजीर, हत्ती-हत्ती, उंट-उंट, प्यादी पाच आणि तीन. त्यातली ए आणि बी तर मोकळी धावणारी, समोर काळ्याचं एक प्यादं नाही. हा पांढरा हरतो कसा?" पोरगा लगेच म्हणाला, "माझंपण असंच होतं की वो काका!" आणि मला वाटलं, चला, गाडी योग्य रुळावर आली.

दुसऱ्या रविवारी नियम केला, मोबाइल खाली ठेवायचा, इंजिन (चाली सुचवणारं सॉफ्टवेअर) नाही, प्रत्येकानं वहीत पुढची चाल लिहायची आणि मग मी खरी चाल सांगणार. २४वी काळ्याची चाल हत्ती डी८ तिघांनी बरोबर लिहिली, वजिरावर हल्ला आहे, सोपी आहे. क्रामनिकनं वजीर ई२ वर घेतला. आता परत काळ्याची चाल. वजीर ई२ वरून सरळ तिरका एच५ च्या प्याद्यावर बघतोय, हे ध्यानात ठेवा.

सहा जणांच्या वहीत पाच वेगळ्या चाली आल्या आणि खरी एकाचीही नव्हती. काकांनी राजा एच७ लिहिलं होतं, निदान राजा हलवायचाय हे त्यांना जाणवलं होतं. आनंदनं खेळला राजा एच६. राजाचं तिसरं पाऊल, आणि माझ्या मते या डावातली सगळ्यात मोठी चाल हीच.

पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो. वजीर-हत्ती पटावर असताना राजा स्वतःच्या बाजूनं तिसऱ्या रांगेत, उघड्यावर, एकटा. मी स्वतः हा डाव पूर्वी दोनदा भराभर चाळला होता आणि दोन्ही वेळा या चालीवरून नुसता पुढं गेलो होतो. या वेळी आम्ही अख्खा रविवार तिच्यावरच बसलो.

आधी काकांचा एच७ बघू. राजा एच७ वर गेला तर वजीर एच५ मारतो तेही शह देऊन, संपलं. एफ७ ला गेला तरी तसंच, एच५ गेलं आणि वर शह. एच६ वर मात्र राजा स्वतःच एच५ सांभाळतो. दुसरं म्हणजे जी-फाइल रिकामी झाली, आता हत्ती जी८ वर येऊन शह देणार. एवढं सगळ्यांना समजलं. पण मग राजा तिथं सुरक्षित कसा, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचं उत्तर पोरानं काढलं, मी नाही. तो बराच वेळ पटाकडं बघत होता आणि एकदम म्हणाला, "ओ, एच६ काळं घर आहे!" पांढऱ्याकडं उरलेला उंट बी५ चा, म्हणजे पांढऱ्या घरांचा. तो जन्मात एच६ ला शह देऊ शकत नाही. एच७ हे पांढरं घर, तिथं राजा असता तर डी३ वरून उंटाचा शह बसला असता. मग राहिला वजीर. वजिरानं काळ्या तिरक्या रेषेवरून, म्हणजे ई३ किंवा डी२ वरून शह द्यावा तर मध्ये कोण उभं आहे? एफ४ चं प्यादं. पांढऱ्याचं स्वतःचं! तेच जी-प्यादं ज्यानं मघाशी उंट खाल्ला आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती. उंट घेताना ते जी-फाइलवरून निघून गेलं, स्वतःचा राजा उघडा पडला आणि समोरच्या राजावर छत्री धरून उभं राहिलं. हे दिसलं तेव्हा माडीवर सगळे एकदमच बोलायला लागले, काका तर उठून उभे राहिले.

आता दुसऱ्या राजाकडं बघा. जी१ वरचा पांढरा राजा वरवर कोपऱ्यात बसलाय, घरात आहे असं वाटतं. पण एच१ ला तो जाऊच शकत नाही, कारण बी७ चा उंट तिथपर्यंत बघतोय. बरं, एफ३ खेळून उंटाची रेषा बंद करू म्हटलं तर एफ२ चं प्यादं हलत नाही, बी६ च्या वजिरानं ते राजाला बांधून ठेवलंय. म्हणजे कोपरा बंद, दार बंद, आणि जी-फाइलवरून हत्ती यायला निघालेला. एकानं विचारलं की २५व्या चालीला वजीर जी३ वर नेऊन शह का नाही दिला. दिला तरी राजा एच६ लाच जातो आणि मग हत्ती जी८ वर आला की पांढऱ्याचा वजीरच राजासमोर अडकतो, त्याला तिथून आधीच पळावं लागणार. त्यानं काही मिटत नाही.

म्हणून मी म्हणतो की २५व्या चालीला दोन्ही राजे बेघर होते, पण एकाला आपण बेघर आहोत हे माहीत होतं आणि तो चालत चालत स्वतःसाठी जागा शोधत गेला, ई८, एफ८, जी७, एच६. दुसरा कॅसलिंग करून बसला होता त्या जागेवर भरवसा ठेवून. मोजणी सांगते पाच विरुद्ध तीन, पण ए आणि बी च्या प्याद्यांना वजीर व्हायला अजून किती चाली लागतात ते मोजा की, आणि हत्ती जी८ ला यायला किती लागतात तेही मोजा. काकांना हे पटलं कारण यातपण मोजणीच आहे, फक्त मोजायची वस्तू वेगळी.

क्रामनिक २६व्या चालीला राजा एफ१ वर घेतो, हत्ती जी८ येतो, आणि मग तो ए४ खेळतो. ही प्याद्याची चाल पोराला एकदम ओळखीची वाटली, कारण त्यानं स्वतःच्या डावात अगदी हेच केलं होतं, राजावर ढग जमत असताना लांबचं प्यादं पुढं ढकललं होतं, "ते वजीर होणारच होतं ना" म्हणून. मी काही बोललो नाही, त्यानं आपणच स्वतःची स्कोअरशीट काढून ती चाल शोधली आणि पेनानं गोल केला.

उंट जी२ वर शह, राजा ई१, उंट एच३. आता जी१ वर हत्तीचा शह येणार हे उघड आहे. २९व्या चालीला क्रामनिकनं हत्ती ए१ वरून ए३ वर आणला. दिसायला छान, तिसऱ्या रांगेवरून सरळ एच३ च्या उंटावर हल्ला. पण त्यानं पहिली रांग पूर्ण मोकळी झाली. हत्ती जी१ शह, राजा डी२, वजीर डी४ शह, राजा सी२, उंट जी४ वजिरावर, एफ३, उंट एफ५ शह, उंट डी३ मध्ये घातला. पांढरा राजा एफ१ वरून सी२ पर्यंत फरपटत आला आणि वाटेत त्याला एकही निवांत घर मिळालं नाही. काळा राजा या सगळ्या वेळात एच६ वर तसाच उभा, त्याला एक शह नाही. डाव संपेपर्यंत नाही!

३३व्या चालीवर आमचा तिसरा रविवार गेला. इथं आनंदनं उंट परत एच३ वर नेला, आणि जिंकलाही, पण याहून सरळ रस्ता समोर होता. चाळिसाव्या चालीची वेळमर्यादा जवळ आलेली, सात चाली बाकी, अशा वेळी जगज्जेत्यालाही सुटतं हे पोरांनी बघावं म्हणून मी मुद्दाम थांबलो. उंटानं डी३ चा उंट मारायचा, शह. पांढऱ्यानं हत्तीनं परत घेतला तर वजीर सी४ वर शह. राजा डी२ ला गेला तर वजीर सी१ वर, मात. पट लावून बघा, जी१ च्या हत्तीचा वजिराला आधार आहे आणि राजाच्या दोन सुटकेच्या घरांवर त्याचाच वजीर आणि त्याचाच हत्ती बसलेत. हत्ती सी३ वर मध्ये घातला तर ई२ चा वजीर फुकट. आणि डी३ वजिरानं घेतला तर हत्ती जी२ वर शह, मग राजा बी१ ला गेला तर वजीर बी२ मारून मात, बी३ ला गेला तर हत्ती बी२ मारून मात. बी३ वाली मात आमच्यातल्या सहावीतल्या मुलीनं काढली, ती खरं तर भावासोबत नुसती बघायला येते.

खऱ्या डावात पुढं ए५, हत्ती जी२, ए६, हत्तीनं वजीर घेतला शह देऊन, उंटानं हत्ती घेतला, उंट एफ५ शह, राजा बी३, वजीर ई३ शह, राजा ए२, वजिरानं ई२ चा उंट घेतला, ए७. ते ए-प्यादं सातव्या घरात पोचलं बघा, वजीर व्हायला एक पाऊल बाकी. आणि ते पाऊल टाकायला क्रामनिकला वेळच मिळाला नाही : वजीर सी४ शह, राजा ए१, वजीर एफ१ शह, राजा ए२, उंट बी१ शह. ४१व्या चालीला क्रामनिकनं डाव सोडला. पोरगा ए७ च्या प्याद्यावर बोट ठेवून बराच वेळ बसला होता.

पुढचं थोडक्यात. पाचव्या डावात क्रामनिकनं पांढऱ्यानं परत हीच मेरान खेळली, आनंदनं या वेळी १५व्या चालीला उंट डी६ ऐवजी हत्ती जी८ केला आणि परत जिंकला. सहावाही जिंकला. सामना २९ ऑक्टोबरला अकराव्या डावातच संपला, साडेसहा विरुद्ध साडेचार. घरच्या तयारीचं श्रेय मोठं आहेच, पीटर हाइने नील्सन, कासिमझानोव, वोयताशेक आणि आपला सूर्यशेखर गांगुली ही त्याची टीम होती आणि दोन्ही डावांत तिची मेहनत दिसते. पण तयारीनं आनंदला एक रस्सीखेचीची स्थिती मिळाली, जिंकलेली नाही. २४व्या चालीला कुणालाही, अगदी चांगल्या खेळाडूलाही, पांढऱ्याची बाजू घ्यावीशी वाटली असती. तिथून पुढचं पटासमोर बसून केलेलं काम आहे, आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम राजाला पाय फुटवण्याचं.

चौथ्या रविवारी आम्ही परत पोराचा डाव लावला. या वेळी तो स्वतःच बोलत होता, आम्ही ऐकत होतो. बाविसाव्या चालीला त्याचा राजा एक घर बाजूला सरकला असता तर जी-फाइल निकामी होत होती, त्यानं ते दाखवलं आणि नंतर एक घर अजून चांगलं सापडलं म्हणून पहिलं खोडलं.

काकांचं मात्र अजून समाधान झालेलं नाही. त्यांचं म्हणणं, २९व्या चालीला हत्ती ए३ ऐवजी डी१ वर आणला असता तर क्रामनिक वाचला असता. त्यात दम आहे. हत्ती जी१ शह, राजा डी२ झाल्यावर वजिराला डी४ वर शह देता येत नाही, कारण राजा सी२ ला सरकला की डी१ चा हत्ती थेट वजिरावर येतो, आणि मारामारी होऊन सगळं साफ झालं तर ती ए-बी ची प्यादी खरोखरच धावत सुटतात. मी काळ्याकडून बसलोय, हत्ती जी२ वर मागं घेऊन एफ२ वर दाब ठेवून बघतोय, काका राजा ई१ ला परत आणतात, मी परत जी१ वर शह देतो, ते परत डी२. तीनदा झालं. पट तसाच २९व्या चालीवर ठेवलाय, वर चादरीचा एक कोपरा टाकलाय धूळ बसू नये म्हणून, आणि या रविवारी काकांना पांढरी मोहरी पाहिजेत.